राजदूत ३५० घ्यायची आहे, व्यवहाराआधी काय काय उघडून बघावं?

तापी_पल्याड, चोपडा
राम राम मंडळी. आमच्या बाजूला एक जुनी राजदूत ३५० मोटारसायकल विकायला आली आहे. मालक १९८५ ची एचटी (जास्त ताकदीचं मॉडेल; एलटी म्हणजे कमी ताकदीचं) सांगतो. दोन वर्षं शेडमध्ये उभी आहे. किक मारली की इंजिन फिरतं, पण चालू करून दाखवायला तो तयार नाही. रंग ताजा, सायलेन्सर चकाचक, टाकी आतून लाल. नंबर तीन अक्षरी, ऑनलाइन टाकला तर काहीच दिसत नाही. एचटी आहे की एलटी, इंजिनात किती काम निघेल आणि कागद सरळ होतील का, हे व्यवहाराआधी कळायला हवं. बयाणा अजून दिलेला नाही.

लेथ_आप्पा, जळगाव
बयाणा दिला नाही हे उत्तम. ताजा रंग आणि नवे सायलेन्सर किमतीत धरूच नका भाऊ, ते पैसे टाकले की कधीही होतात. या गाडीचा जीव क्रँकच्या सीलमध्ये आणि इंजिनला टू-स्ट्रोक ऑइल पुरवणाऱ्या पंपात आहे.

बघायला जाताना २१ चा प्लग पाना, सायलेन्सरचे नट सुटतील असे पाने, हातातली बॅटरी (टॉर्च) आणि लोहचुंबक न्या. मालक सायलेन्सर सोडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

पुढून दोन्ही सायलेन्सर सोडले की एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन दिसतो. प्लग काढा, हळूहळू किक दाबत पिस्टन वरखाली करा आणि बॅटरी मारून बघा. पोर्टसमोरच उभे ओरखडे असतील तर मिश्रण पातळ होऊन किंवा जास्त तापून पिस्टन धरलेला (बोअरमध्ये जाम झालेला) आहे. चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर थंड इंजिन गरम व्हायच्या आत कोणीतरी पिळलेलं आहे. कार्ब्युरेटरच्या बाजूला घासलं असेल तर ऑइल कमी पडलं, असं साधारण समजा. ती बाजू बघायला मात्र कार्ब्युरेटर आणि रीडचा (मिश्रण आत घेणाऱ्या झडपेचा) ब्लॉक काढावा लागेल. रिंग चमकदार आणि पोर्टमधून काडीने दाबल्यावर सुटी हलणारी हवी. काजळीत बसलेली रिंग दाबली जात नाही.

मग क्रँक. प्लगच्या भोकातून लाकडी दांडी पिस्टनवर टेकवा. पिस्टन वर येत असताना थांबा आणि डाव्या बाजूचं कव्हर काढून क्रँकचा बोल्ट पान्याने थोडा मागेपुढे हलवा. दांडी न हलता पाना मोकळा फिरला आणि बारीक टक् असा आवाज आला तर बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) गेलं. दोन्ही सिलिंडरला वेगवेगळं करून बघा, कारण दोन्ही रॉड एकसारखे झिजत नाहीत.

पुढच्या चेन स्प्रॉकेटमागची केसिंग बोटाने चाचपा. चेन तुटून तिथे गुंडाळली की केसिंग फुटते आणि मग वेल्डिंग मारून वर रंग देतात. वेल्डिंग वाईटच असतं असं नाही, पण ते दिसलं की किंमत तशी लावायची.

सातपुडा_ट्विन, शहादा
एचटी-एलटीचं सांगतो. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून ही गाडी भारतात काढली, मूळ यामाहा आरडी ३५०. ३४७ सीसी, बोअर ६४ आणि स्ट्रोक ५४ मिमी, दोन सिलिंडर, रीड व्हॉल्व्ह, सहा गिअर. जपानी गाडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे ड्रम दिला. एचटी म्हणजे हाय टॉर्क, ३०.५ बीएचपी. ॲव्हरेजची ओरड झाल्यावर एलटी म्हणजे लो टॉर्क आली, २७ बीएचपी.

साइड पॅनेलचं स्टिकर बघून काही ठरत नाही. फरक सिलिंडरच्या पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये आहे, आणि ४० वर्षांत ब्लॉक-सायलेन्सर इकडचे तिकडे झालेले असतात. एचटीचे सायलेन्सर आणि एलटीचा ब्लॉक अशी जोडगोळी सर्रास सापडते. तेव्हा ‘एचटी आहे’ या शब्दाला वेगळे पैसे देऊ नका. चांगल्या ब्लॉकची एलटी ही ओरखडलेल्या एचटीपेक्षा केव्हाही बरी.

ब्लॉक किती वेळा बोअर झालाय तेही विचारा. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा टप्प्यांत मिळतात. पिस्टनच्या माथ्यावर आकडा छापलेला असतो, प्लगच्या भोकातून बॅटरी मारून काजळी थोडी खरवडली की बहुधा वाचता येतो. तिथे १.०० दिसलं तर पुढच्या वेळी स्लीव्हच (ब्लॉकमध्ये नवा नळा).

वाघूर_काठची, भुसावळ
कागदांचं मी लिहिते, कारण गाडीपेक्षा इथेच जास्त लोक अडकतात.

एमएच मालिका १९८९ पासूनची. त्याआधीचे तीन अक्षरी नंबर कागदी रजिस्टरवर होते आणि त्यातले बरेच सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीत चढलेच नाहीत. ऑनलाइन दिसत नाही म्हणजे गाडी चोरीची असा अर्थ लगेच काढू नका, पण सरळ आहे असंही धरू नका. ज्या आरटीओत मूळ नोंद आहे तिथे बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी कागदी नोंद ऑनलाइन, करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी बुक, कराची पावती आणि आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस लागतो. तो हयात नसेल तर वारसांचे कागद आले. हे सगळं विकणाऱ्याने आपल्या नावावर असताना पूर्ण करायचं, तुम्ही पैसे दिल्यानंतर नाही.

चासी नंबर हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, इंजिन नंबरचाही घ्या आणि आरसी बुकाशी अक्षर न अक्षर ताडून बघा. आजूबाजूचा पत्रा घासलेला, आकडे कमीजास्त खोल किंवा त्याच जागी रंगाचा जाड थर असेल तर थांबा. एका गाडीचे कागद आणि दुसरीची फ्रेम असा माल बाजारात फिरतो.

पुढचा क्रम असा: बॅकलॉग, मग फॉर्म २५ वर नूतनीकरण. त्यात गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि नोंदणी ५ वर्षांसाठी वाढते. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर नावबदल. कर्ज चढलेलं असेल तर फॉर्म ३५. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विमा आणि पीयूसी चालू हवेत, आणि आता एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटीही बसवावीच लागते.

‘व्हिंटेजमध्ये काढून घेऊ’ असं विकणारा म्हणाला तर ऐकू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला वाहन ५० वर्षांहून जुनं लागतं. १९८५ च्या गाडीला २०३५ उजाडेल. शिवाय व्हिंटेज नोंदणीवर रोज फिरता येत नाही.

तापी_पल्याड, चोपडा
ताई, आप्पा, खूप उपयोग झाला. आरसी बुक आहे, मूळ मालकही हयात आहे. सायलेन्सर सोडून बघितले. डावा पिस्टन पोर्टसमोर ओरखडलेला, उजवा स्वच्छ. पिस्टनवर ०.५० दिसतंय. डावाच का जावा?

लेथ_आप्पा, जळगाव
यातच सगळं आलं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि मिश्रण आत ओढलं जातं. क्रँकच्या दोन टोकांना रबरी सील आणि मध्ये दोन सिलिंडर वेगळे ठेवणारं लॅबिरिंथ सील. डावं सील अल्टरनेटरच्या बाजूला, कोरड्या जागी आहे. गाडी उभी राहिली की त्याची ओठाची रबर कडक होते. मग तिथून फुकटची हवा आत जाते, डाव्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो. उजवं सील क्लचच्या बाजूला, गिअर ऑइलमध्ये आहे. ते गेलं तर उजव्या सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, प्लग ओला आणि गिअर ऑइलची पातळी बाहेर न गळता कमी.

म्हणून नुसता पिस्टन बदलून गाडी चालू करणाऱ्या मिस्त्रीकडे देऊ नका. सील तेच राहिलं तर नवा पिस्टनही डावाच धरेल.

ही गळती मोजता येते. एक्झॉस्टची दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद करा, एका कार्ब्युरेटरच्या जागी बूच आणि दुसऱ्या जागी ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच लावा. सायकलच्या हातपंपाने ६ पीएसआय हवा भरा, जास्त नको, नाहीतर सीलच उलटेल. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी लावा: डावं सील, ब्लॉकखालचं पॅकिंग, रीड ब्लॉकचं पॅकिंग, इनटेकचं रबर. बुडबुडे कुठे येतात ते दिसतं. उजव्या सीलची गळती गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या नळीवर साबण लावला की कळते. गाडी बांधून झाल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. यात तास जातो, पण बोअर वाचतो.

धुळे_टू_स्ट्रोक, धुळे
आप्पांना +१. बोअरचं थोडं भर घालतो. आधी पिस्टन हातात घ्यायचा, मग बोअर मारायचा, उलटं कधीच नाही. पिस्टन खालच्या कडेपासून १० मिमीवर, पिनला काटकोनात मायक्रोमीटरने मोजायचा. मोकळीक ०.०४ ते ०.०५ मिमी. हलक्या बनावटीचे पिस्टन जास्त फुगतात, त्यांना वरच्या टोकाला ठेवा. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फट ०.२ ते ०.४ मिमी.

लेथवर एक गोष्ट हटकून राहते: बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. त्या बारीक कानशीने किंवा दगडाने सगळीकडून मोडायच्या, मग होनिंग (बोअर आतून बारीक घासणं). धार राहिली तर रिंग अडकून तुटते आणि ब्लॉक परत लेथवर. काम झालं की ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. पेट्रोलने धुतल्यावर होनिंगची वाळू जात नाही.

पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, सर्क्लिप दर वेळी नव्या.

क्रँक बाहेर काढलाच तर रॉडचं वरचं टोक आडवं हलवून बघा. नव्यात ०.८ ते १ मिमी खेळ असतो, २ मिमीला पोचला की रॉड किट. क्रँक प्रेसने जोडलेला आहे, तो परत जोडल्यावर सेंटरवर डायल लावून ०.०३ मिमीच्या आत आणायचा. हे काम सगळ्या लेथवाल्यांना जमत नाही. ज्याच्याकडे डायल गेज आणि सेंटरचा स्टँड दिसत नाही त्याला क्रँक देऊ नका.

केळी_बेल्ट, रावेर
ऑइल पंप काढून टाका आणि सरळ पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा ना भो. लिटरला ३५ मिली. ४० वर्षांच्या पंपावर भरवसा कशाला?

सातपुडा_ट्विन, शहादा
असहमत. हा ऑइल पंप, म्हणजे ऑटोल्यूब, थ्रॉटल आणि इंजिनचा वेग दोन्ही बघून ऑइल देतो. गावात फिरताना कमी, सुसाट असताना जास्त. मिसळलेलं ऑइल सगळीकडे सारखंच, म्हणजे हळू चालताना प्लग काळे आणि सायलेन्सर चोंदलेले. पंप सहसा मरत नाही, त्याची देखभाल मरते.

तो असा तपासायचा. टाकीपासून पंपापर्यंतची नळी पारदर्शक लावा, बुडबुडा दिसता कामा नये. ब्लीडचा स्क्रू सोडून हवा पूर्ण काढा, मग पंप हाताने फिरवून दोन्ही इनलेट नळ्या भरा. पंपाचा कमीत कमी स्ट्रोक फिलर गेजने ०.२० ते ०.२५ मिमी, कमी असेल तर शिम (पातळ चकती). केबल अशी लावा की थ्रॉटलची मोकळीक संपते तिथे पुलीवरची खूण जुळते. कार्ब्युरेटरची केबल बदलली की पंपाची खूण पुन्हा बघायची, हे बहुतेक जण विसरतात. ऑइल जॅसो एफसी किंवा एफडी दर्जाचं.

पंप नव्याने बसवल्यावर पहिली टाकी मात्र केळी_बेल्ट म्हणतात तसं ऑइल मिसळून चालवा. पंप ओढतोय हे ऑइलच्या टाकीची पातळी उतरून सिद्ध झालं की साधं पेट्रोल.

आपल्याकडचा एक धोका वेगळा आहे. कन्नड घाट किंवा तोरणमाळ उतरताना थ्रॉटल बंद आणि इंजिन ब्रेकवर जोरात फिरतंय, अशा वेळी पंप अगदी किमान ऑइल देत असतो. दर काही वळणांनी क्लच दाबून थोडा ॲक्सिलरेटर द्या, ऑइल आत जाऊ द्या.

धुळे_टू_स्ट्रोक, धुळे
जेटिंगबद्दल, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट किती मोठा घ्यायचा याबद्दल, खानदेशात एक गैरसमज पक्का बसलाय: मे महिन्यात ४५ अंशात गाडी तापते म्हणून मिश्रण पातळ होतं. उलट आहे. गरम हवा विरळ असते, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण दाट होतं. गाडी जड वाटते, प्लग काळे पडतात. मग मिस्त्री मेन जेट लहान करतो. गाडी मोकळी पळते. डिसेंबरात धुळ्याचा पारा दहाच्या खाली गेला की सकाळच्या घट्ट हवेत तोच जेट पातळ पडतो आणि पारोळा गाठायच्या आत पिस्टन धरतो. जेट थंडीच्या सकाळी ठरवायचा आणि उन्हाळ्यात थोडा दाटपणा सोसायचा.

त्यात आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला इंधन जास्त लागतं. मूळ मेन जेटपासून एक टप्पा वर सुरुवात करा आणि प्लग वाचत ठरवा. चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर किलोमीटरभर, मग क्लच दाबून एकदम किल स्विच, थांबून प्लग काढा. चॉकलेटी ठीक, पांढरा म्हणजे थांबा. प्लग एनजीके बी८एचएस.

फ्लोट नीडल, ओ-रिंग, पेट्रोल पाइप इथेनॉल सोसणारे बसवा. जुनं रबर फुगून चिकट होतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामं करा. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी पेट्रोलखाली वेगळं बसतं आणि तेच पहिल्या किकला जेटमध्ये येतं.

उघडे कोन फिल्टर लावू नका. एक तर मिश्रण पातळ, वर आपल्या काळ्या मातीची धूळ सरळ बोअरमध्ये.

तापी_पल्याड, चोपडा
टाकीचं काय करावं? गंज जाड आहे, पण चुंबक सगळीकडे धरतंय, पुट्टी नाही.

केळी_बेल्ट, रावेर
मग टाकी वाचते. लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं ते. टाकी १६ लिटरची, लिटरला ६० ग्रॅम म्हणजे किलोभर धरा. कॉक काढून भोक बंद करा, आत मूठभर नट-बोल्ट टाकून आधी खळखळवा आणि ते मोजून बाहेर काढा. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. झाकणाच्या कडेने ओघळ आला तर ताजा रंग जातो, म्हणून बाहेरून ओलं फडकं फिरवत राहा. सकाळी ओता, खायच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवा, लगेच उन्हात वाळवा. आपल्या उन्हात तासाभरात कोरडी होते. वेळ घालवला तर पिवळा गंज परत चढतो. वाळली की लिटरभर पेट्रोलमध्ये १०० मिली टू-स्ट्रोक ऑइल घालून आतून फिरवून घ्या. नवा कॉक आणि पाइपमध्ये फिल्टर.

सातपुडा_ट्विन, शहादा
इलेक्ट्रिकही बघून घ्या. इग्निशन बॅटरी-कॉइलचं आहे, बॅटरी १२ व्होल्ट ५.५ एएचची. बॅटरी उतरली की स्पार्क कमजोर होतो आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. अल्टरनेटरच्या रोटरवर दोन कार्बन ब्रश आहेत. चार्जिंग नसेल तर रेग्युलेटर बदलायच्या आधी ब्रश आणि स्लिप रिंग साफ करून बघा.

इग्निशनचे पॉइंट (स्पार्क सोडणारे संपर्क) दोन आहेत. फट ०.३० ते ०.४० मिमी, टायमिंग पिस्टन वरच्या टोकाला यायच्या २ मिमी आधी, डायल गेज प्लगच्या भोकात लावून. मुख्य प्लेट हलवून ज्या सिलिंडरचं टायमिंग होतं ते आधी, छोट्या प्लेटचं नंतर. उलट केलं तर पहिलं बिघडतं. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची किट चांगली आहेत, पण क्रँकचं डावं बेअरिंग हलत असेल तर आधी बेअरिंग.

लेथ_आप्पा, जळगाव
ब्रेकवर कोणी बोललं नाही, आणि ही गाडी पळते तितकी थांबत नाही. पुढचा ड्रम दोन कॅमचा आहे. दोन्ही शू एकाच क्षणी टेकले तरच ब्रेक लागतो. दोन आर्म जोडणाऱ्या सळईचं लॉकनट सैल करा, चाक फिरवत पहिला शू घासू लागेपर्यंत लीव्हर दाबून धरा आणि सळई अशी फिरवा की दुसराही तिथेच घासू लागेल. ड्रम अंडाकृती झाला असेल तर चाक रिमसकट लेथवर लावून घासून घ्यायचा.

स्विंग आर्मचे बुश मूळ प्लॅस्टिकचे. झिजले की ८० च्या पुढे गाडी मागून शेपटी हलवते. गनमेटलचे करून बसवा, ग्रीस निपल चालू आहे ना बघा. हँडलला छर्र्‍यांऐवजी टेपर बेअरिंग.

गिअर ऑइल दीड लिटरच्या आसपास, जॅसो एमए दर्जाचं, नाहीतर क्लच घसरतो. पुढच्या स्प्रॉकेटमागचं क्लच पुश रॉडचं सील गळतंच, ते क्रँक सीलबरोबर मागवा.

तुमच्या गाडीचा हिशोब माझ्या मते असा: दोन्ही ब्लॉक ०.७५ ला बोअर. एकच करू नका, दोन्हीकडे सारखं हवं. दोन पिस्टन-रिंग-पिन, वरची नीडल बेअरिंग, पूर्ण सील-पॅकिंग संच, इनटेक रबर, पॉइंट-कंडेन्सर, केबल. क्रँक दांडीच्या चाचणीत पास झाला असेल तर आत्ता काढू नका, पण डावं सील बदलाच. अल्टरनेटर काढून ते बाहेरूनही ओढता येतं. हा खर्च लेथवाल्याकडून लिहून घ्या आणि तो मालकापुढे ठेवून मग भाव बोला.

वाघूर_काठची, भुसावळ
आणि बॅकलॉग झाल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत बयाण्याच्या वर पैसे देऊ नका दादा. बयाणाही स्टॅम्प पेपरवर, त्यात चासी आणि इंजिन नंबर लिहून, ‘नोंद न झाल्यास रक्कम परत’ हे वाक्य घालून.

तापी_पल्याड, चोपडा
बठ्ठं लिही लिधं. रविवारी दांडी आणि पाना घेऊन क्रँक बघतो, सोबत पेन्सिलीने छापही घेतो. दोन्ही छापांचं जुळलं की इथे कळवतो.